लस सरकारीत, उपचार खाजगीत

बाळाला लस द्यायची असली की आई उपकेंद्रात जाते. तिथली नर्सताई ओळखीची असते, लसीचं कार्ड घरच्या पेटीत जपून ठेवलेलं असतं. तेच बाळ रात्री तापानं फणफणलं की मात्र घरचे मोटारसायकल काढून तालुक्याच्या खाजगी दवाखान्याची वाट धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हेच दिसतं. लस मिळालेल्या दर दहा बाळांपैकी नऊहून अधिक बाळांना बहुतेक लसी सरकारी केंद्रांतच मिळाल्या होत्या. आणि आजारपणात सरकारी दवाखान्यात सहसा जात नाही, असं सांगणारी घरं जवळपास निम्मी होती.

का जात नाही? उपचारांचा दर्जा बरा नाही, ताटकळत बसावं लागतं, जवळपास दवाखानाच नाही, ही लोकांनी दिलेली मुख्य कारणं. यातल्या एकाही कारणाचा अर्थ सरकारनं दवाखाने चालवू नयेत असा होत नाही. उलट, ते नीट चालवा, असंच लोक सांगतायत.

म्हणूनच खाजगीतल्या गर्दीकडे बोट दाखवून 'लोकांना हेच हवंय' म्हणणं फार घाईचं आहे. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपणं वगळता दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 55 टक्के खाजगी रुग्णालयांत होते. एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारीत 4,452 रुपये, तर खाजगीत 31,845 रुपये. खाजगीतले सगळे काही हौसेनं सातपट पैसे मोजत नाहीत. घरातलं माणूस तळमळत असताना रांगेत थांबायचा धीर कुणाला असतो?

या खर्चातून सुटका व्हावी म्हणून जुलै 2012 मध्ये महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. उपचार सरकारी किंवा खाजगी रुग्णालयात, बिल योजनेतून. लोकांनी ती मनापासून स्वीकारली. रुग्णालयात योजनेच्या मदतनीसाच्या, म्हणजे 'आरोग्यमित्रा'च्या टेबलाशी रेशनकार्ड पुढे करत नातेवाईक आधी एवढंच विचारतात, "हे योजनेत बसतं का?" बसलं तर जीव भांड्यात पडतो. पण योजनेचा भर यादीतल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांवर आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. त्यासाठी घराजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्रच धडधाकट लागतं. खाजगी रुग्णालयांचीही बाजू आहे: दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर मिळत नाहीत. तीही ऐकायलाच हवी, पण सरकार आणि रुग्णालयं यांच्या हिशेबात रुग्ण दारातून परत जाता कामा नये.

खाजगीला वेसण घालता येते, हे कोविडनं दाखवलं. मे 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. पीपीई किट आणि महागडी औषधं त्यात धरलेली नव्हती, त्यामुळे बिलं फुगायची ती फुगलीच. तरी दर आधीच ठाऊक असल्यानं बिलाला हरकत घ्यायला लोकांच्या हाती काहीतरी आलं होतं. साथ ओसरल्यावर हा धडा गुंडाळून ठेवायला नको होता.

धर्मादाय रुग्णालयांचा नियम त्याहून जुना. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. पण हा आपला हक्क आहे, हेच अनेक घरांना ऐन वेळी माहीत नसतं.

सरकारी दवाखान्यांतही चित्र सरसकट एक नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं मात्र त्या निर्णयात आली नाहीत. कोणता दवाखाना कोणत्या खात्याचा, हे रुग्णाला कसं कळावं? त्याच्या लेखी सगळंच सरकारी, आणि अवघड दुखणं घेऊन तो येतो ते नेमकं या मोठ्या रुग्णालयांतच.