भाजक्या मातीचा पाणक्या

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली ती दुकानांपुढच्या रांगांची. त्याच कायद्याने घरटी चार झाडं लावायची मुभा दिली, ती बातमी आतल्या पानांत राहिली. (क्वेबेक प्रांताने ही मुभा नाकारली आणि २०२३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रांताचा तो अधिकार मान्य केला.) अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने त्याआधीच, २०१२ च्या सार्वमतात, प्रौढ माणसाला सहा झाडांची परवानगी दिली होती. या थंड मुलुखात ही झाडं बहुधा तळघरात नाहीतर रिकाम्या खोलीत, कापडी तंबूत दिव्यांखाली वाढतात. दिवे, पंखे, वेळापत्रक हे सगळं पैसे टाकून विकत मिळतं. अडतं ते पाण्यापाशी.

बंदिस्त लागवडीची रूढ पद्धत कारखान्याच्या अंगाने जाणारी आहे. रॉकवूलच्या ठोकळ्यात रोप, नळीतून खतपाणी, जास्तीचं पाणी खालून वाहून जाणार, पीक निघालं की ठोकळा कचऱ्यात. त्यात चुकलं तर धुऊन काढता येतं. या पद्धतीला कंटाळलेल्या एका गटाने मात्र उलटी वाट धरली. त्यांनी खोलीतच गादीवाफे घातले. चार फूट लांब, चार फूट रुंद, फूटभर खोल अशा कापडी वाफ्यात सुमारे ४५० लिटर माती मावते. पीट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत, निचऱ्यासाठी प्युमिस दगडाचा चुरा. आणि खत म्हणून निंबोळी पेंड, करंज पेंड! आपल्याकडे उसाच्या सरीत पडणारी ही पेंड तिकडच्या तळघरांत जाऊन पोचली आहे, हे मराठी वाचकाला मौजेचं वाटेल.

या वाफ्यात नांगर, फावडं काही चालत नाही. पीक तयार झालं की खोड मातीलगत कापायचं, मुळं आत तशीच कुजू द्यायची आणि शेजारी पुढचं रोप लावायचं. वर पेंढ्याचं आच्छादन, मध्ये क्लोव्हरसारखं जिवंत पांघरूण, आत गांडुळं. अलास्कातले वकील आणि बागकाम-स्तंभलेखक जेफ लोवेनफेल्स यांचं मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचं पुस्तक २००६ मध्ये आलं आणि अशा मंडळींच्या हाती जाऊन पोचलं. विचार आपल्याला परका नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात भात कापल्यावर मुळं गादीवाफ्यातच ठेवतात, आणि कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर बिनानांगरणीच्या शेतीविषयी कित्येक वर्षं लिहीत आले आहेत. फरक एवढाच, की भडसावळ्यांच्या वाफ्यावर पाऊस पडतो. तळघरात पडत नाही.

कुंडी असेल तर माळी ती उचलून पाहतो. हलकी लागली की पाणी. काही क्विंटल भरणारा वाफा कोण उचलणार? बोट खुपसून पाहावं तर वरचे दोन इंच ओले आणि खाली कोरडं, किंवा नेमकं उलट. कापडी कडा आधी सुकतात, मध्यभाग ओला राहतो. या वर्तुळात एक ठोकताळा फिरतो: एका वेळी मातीच्या आकारमानाच्या पाच टक्के पाणी, म्हणजे वरच्या वाफ्याला साधारण २२ लिटर. ठोकताळा म्हणून ठीक आहे. पण लहान रोप आणि फुलोऱ्यातलं झाड यांची तहान सारखी नसते.

पाणी जास्त झालं तर मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, ओल्या पृष्ठभागावर चिलटं अंडी घालतात, खोलीतली आर्द्रता चढते आणि ऐन भरात आलेल्या फुलांवर करडी बुरशी बसते. कमी झालं तर आणखी वेगळं संकट. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाण्याला आत घेतच नाही. ओतलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तो भिजवायला तिकडे युक्का वनस्पतीचा अर्क वापरतात. त्यातलं सॅपोनिन पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. आपल्या रिठ्यातही तेच असतं. शिवाय माती सुकली की जे सूक्ष्मजीव पेंड कुजवून झाडाला अन्न देणार, त्यांचं कामच थांबतं. बाटलीतल्या खतावर वाढणारं झाड एखादा कोरडा दिवस सोसून नेतं. या पद्धतीत माती सतत वाफशावर हवी, आणि तीही एका हंगामापुरती नाही, कारण माती बदलायचीच नाही.

मग घड्याळ लावलेला पंप आला. सकाळी सहाला दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. घड्याळाला वेळ कळते, ओल कळत नाही, त्यामुळे माणसाची चूक यंत्राने नियमित केली, एवढंच झालं.

उत्तर शंभर वर्षांपूर्वीच तयार होतं. बर्टन लिव्हिंगस्टन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये भाजक्या मातीच्या सच्छिद्र कपातून कुंडीतल्या झाडाला आपोआप पाणी मिळेल अशी रचना मांडली. पुढे विलार्ड गार्डनर, लोरेन्झो रिचर्ड्स यांनी प्रश्नच बदलला. मातीत पाणी किती, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं की ते ओढून घ्यायला किती जोर लागतो. चिकणमातीत भरपूर पाणी असूनही मूळ उपाशी राहू शकतं, कारण माती ते सोडत नाही. वाळूत थोडं असलं तरी ते सहज मिळतं. मुळाला कळतो तो हा जोर. रिचर्ड्स यांचं १९३१ चं समीकरण आजही मृदाभौतिकीच्या विद्यार्थ्याला सुटत नाही, पण त्यामागचं उपकरण मात्र साधं आहे: टेन्सिओमीटर. बंद नळी, तळाला भाजक्या मातीचं टोक, आत पाणी, वर दाबमापक. माती सुकली की टोकातून पाणी बाहेर ओढते, आत पोकळी तयार होते, काटा सरकतो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या इरोमीटर कंपनीने १९५१ पासून ती शेतकऱ्यांना विकायला सुरुवात केली.

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातल्या वेनिंगर कंपनीने याच तत्त्वातून काटा काढून टाकला आणि तिथे तोटी बसवली. त्यांचा ट्रॉप्फ-ब्लूमाट म्हणजे गाजराएवढा मातीचा शंकू आणि त्यावर हिरवं टोपण. मूळचा तो बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी. शंकूत काठोकाठ पाणी भरून टोपण घट्ट लावतात. माती सुकली की शंकूतलं पाणी बाहेर खेचलं जातं, आतल्या पोकळीने टोपणातला रबरी पडदा खाली ओढला जातो आणि पडद्याने चिमटून धरलेली बारीक नळी मोकळी होते. थेंब पडू लागतात. माती भिजली की पाणी शंकूत परत शिरतं, पडदा वर येतो, नळी पुन्हा चिमटली जाते. वीज नाही, बॅटरी नाही, मोबाइल नाही. वाफ्यापेक्षा मीटरभर उंच ठेवलेली एक टाकी पुरते. पिशवीभर शंकू घेऊन आलेला हा पाणक्या रात्री-बेरात्री उठतो आणि हवं तेवढंच वाढतो.

लावणं मात्र नाजूक काम. शंकू आधी भिजत घालायचे आणि पाण्याखालीच बंद करायचे, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. माती आधी हाताने नीट भिजवायची. कोरड्या मातीत शंकू रोवला तर तो सुटतोच. मग टोपणावरचा स्क्रू फिरवून नळीच्या तोंडाशी एक थेंब लटकत राहील अशी स्थिती आणायची आणि तिथून दोन खुणा घट्ट करायचं. वाफ्यात एक टेन्सिओमीटरही ठेवतात. जिवंत मातीच्या वाफ्यांचे बरेच उत्पादक १०० मिलिबारच्या आगेमागे ओढ राखतात. शेतातल्या मातीपेक्षा ही माती बरीच ओली.

हे चुकतं तेव्हा वाईट चुकतं. शंकूत हवा शिरली किंवा त्याचा मातीशी संपर्क सुटला की त्याचं भानच जातं. कधी नळी उघडीच राहते आणि अख्खी टाकी वाफ्यात, तिथून फरशीवर. म्हणून जाणकार नळाला थेट जोडत नाहीत. टाकीत एका दिवसापुरतंच पाणी ठेवतात, की फुटलं तरी पूर येऊ नये. जड पाण्याचे क्षार आणि कंपोस्टचा गाळलेला अर्क बारीक नळ्या तुंबवतात. अर्क हातानेच घालावा हे बरं.

याच खोल्यांत दुसरा पंथ आहे इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा. पाण्याचा विद्युत्-अपारक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या खनिजांचा जेमतेम ३ ते ५; या फरकावरून सेन्सर ओल काढतो. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या डेकागॉन कंपनीने अशा कामात इतकं नाव मिळवलं, की २००८ मध्ये मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानाच्या हातावरची माती तपासणारी सळई तिचीच होती. पुढे मीटर ग्रुप नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीने गांजा-उत्पादकांसाठी अरोया ही प्रणाली आणली. मोठ्या परवानाधारक कारखान्याला ती सोयीची आहे, शंभर झाडांचा आलेख एका पडद्यावर दिसतो. पण पेंड आणि गांडूळखताने भरलेल्या हलक्या, क्षारयुक्त मातीत हे सेन्सर त्या मातीसाठी जुळवून घेतल्याशिवाय खरं बोलत नाहीत. आणि ते सांगतात पाण्याचं प्रमाण; मुळाला लागणारा जोर पुन्हा हिशेबाने काढावा लागतो. घरगुती वाफ्यापुरता कौल द्यायचा तर तो शंकूच्या बाजूने.

त्यात टिरोलचं फार काही नाही, असंही म्हणता येईल. जमिनीत पुरलेल्या मडक्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर वेल वाढवण्याचं वर्णन इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या फान शंग-चिच्या चिनी कृषिग्रंथात आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या आर. सी. मंडल यांनी १९७४ मध्ये अशा घटशेतीवर लिहिलं. दुष्काळी भागात आंब्याच्या कलमाशेजारी मडकं पुरणारा माणूस हेच करत असतो. ब्लूमाटने त्यात भर घातली ती झिरपणं थांबवण्याची.

आता या सेंद्रियपणाची दुसरी बाजू. पाण्याचा थेंब वाचवणारा, गांडुळं पाळणारा हा वाफा उभा असतो प्रखर दिव्यांखाली, वातानुकूलन आणि आर्द्रताशोषक यंत्रांच्या मध्ये. इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये एनर्जी पॉलिसी या नियतकालिकात हिशेब मांडला, की बंदिस्त गांजा-लागवड अमेरिकेच्या एकूण विजेतली सुमारे एक टक्का वीज खाते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये काढलं, की एक किलो सुक्या फुलामागे, जागेनुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं. शंकूला वीज लागत नाही, हे त्यापुढे फारच किरकोळ समाधान. अमेरिकी केंद्र सरकारच्या लेखी गांजा बेकायदाच असल्याने त्याला राष्ट्रीय सेंद्रिय शिक्काही मिळत नाही. कॅलिफोर्नियाने म्हणून ‘ओकॅल’ हे आपलं वेगळं प्रमाणपत्र काढलं. मातीपुरती ही शेती सेंद्रिय आहे, खोलीपुरती नाही.

भारतात घरी गांजा लावण्याचा प्रश्न येत नाही. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्याच्या कलम २० खाली गांजाच्या विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा बी आणि तंबू तिकडेच राहू द्यावेत. टेन्सिओमीटर मात्र कोणीही घ्यावा. नाशिकच्या द्राक्षबागांत ओल मोजणारे सेन्सर आले आहेत, पण ठिबक असलेले कितीतरी बागायतदार अजून घड्याळ पाहून व्हॉल्व्ह सोडतात. त्यांनी एका हंगामापुरता एक टेन्सिओमीटर मुळांच्या खोलीवर रोवावा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहावा. तळघरातल्या वाफ्याचा १०० मिलिबारचा आकडा शेताला लावू नये, आणि काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्या की टोकाचा मातीशी संपर्क सुटला नाही ना, हे आधी पाहावं.