पदवीनंतरची उमेदवारी : सीमाभागातील तरुण अभियंत्यांसाठी

बेळगाव-निपाणी परिसरात अभियांत्रिकीचे शिक्षण आता दुर्मिळ राहिलेले नाही. बेळगावची गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ साली सुरू झाली आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये याच शहरात स्थापन झाले. निपाणीत विडी वळणाऱ्या आईची मुलगीही आज अभियंता होऊ शकते. मात्र चांगले गुण मिळवूनही मुलाखतीतून निराश होऊन परतणारे पदवीधर पुष्कळ आढळतात. त्यांचे कोठे अडते?

उद्यमबागेतील ओतशाळांचेच उदाहरण घेऊ. साच्याच्या वाळूत ओलावा अधिक राहिला, तर तप्त रस ओतताच त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. विद्यार्थ्याने हे पुस्तकात वाचलेले असते. परंतु सकाळच्या पाळीतील माल नापास झाला, म्हणजे वाळू तपासणे, साचा करणाऱ्या अनुभवी कारागिराला मानाने विचारणे, सापडलेले कारण अर्ध्या पानात नेमके लिहिणे आणि ते व्यवस्थापकासमोर न अडखळता मांडणे, ही कामे त्याला करावी लागतात. यांतील पहिले काम महाविद्यालयात थोडेफार शिकविले जाते; उरलेली बहुधा विद्यार्थ्यावरच सोपविली जातात. वास्तविक राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने अभियंत्याच्या अंगी हव्या असलेल्या गुणांत संवाद, सहकार्य आणि व्यावसायिक नीती यांनाही स्थान दिले आहे.

भाषेचा प्रश्न येथे विशेष आहे. नकाशा इंग्रजीत, कारागिराचे बोलणे मराठीत वा कानडीत, मुलाखत पुन्हा इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीला बिचकतो आणि कानडी टाळतो. आमच्या मते दोन्ही गोष्टींनी त्याचेच नुकसान होते. तिन्ही भाषांत कामापुरते बोलू शकणारा तरुण या भागातील कारखान्यास हवाच असतो. शिक्षकांनी प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर विद्यार्थ्याला पाच मिनिटे उभे करून बोलते केले, तरी पुष्कळ साधेल.

लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर उत्तम होता, तरी तो खपण्यास फार काळ लागला; शेतकऱ्याला पटवून द्यावे लागले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, ती या खटाटोपानंतर.

कारखान्यातील अनुभव पदरी पाडण्याचा राजमार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंत्यांचा समावेश झाला. साधारणतः एक वर्षाचे हे प्रशिक्षण असते. उमेदवारास विद्यावेतन मिळते आणि विहित किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर ३० वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. लहान ओतशाळांनीही या सवलतीचा लाभ घ्यावा.

निपाणीच्या तरुणास बेळगावपेक्षा कागलची औद्योगिक वसाहत जवळ पडते. राज्याची हद्द ओलांडली म्हणून उमेदवारी अडत नाही. कर्नाटकातील कारखान्यांचे काम चेन्नईचे प्रशिक्षण मंडळ पाहते, महाराष्ट्रातील कारखान्यांचे मुंबईचे. नोंदणीचे राष्ट्रीय संकेतस्थळ मात्र एकच आहे.

पालकांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. करारात तशी अट असेल तरच ते येते. तसेच उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय. तथापि कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत. भट्टीजवळ उभे राहणाऱ्या मुलाला चष्मा, हातमोजे व बूट मिळालेच पाहिजेत. करार लेखी करून त्याची नोंदणी झाली आहे किंवा नाही, हे पहिल्याच आठवड्यात पाहावे. नोंदणी नसेल, तर वर्षभर काम करूनही सरकारी प्रमाणपत्र हाती पडणार नाही.