सौंदत्तीचा कापूस आणि मिसिसिपीचे गुलाम

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लिंकनपाशी सुरू होतो आणि लिंकनपाशीच संपतो. एक भला माणूस अध्यक्ष झाला, युद्ध पेटले, गुलाम सुटले. बेळगाव-धारवाडच्या वाचकाने मात्र तेवढ्यावर थांबू नये. सौंदत्ती, बैलहोंगल, नवलगुंद, हुबळी या पट्ट्यातली काळी रानेही त्या भांडणात ओढली गेली होती, आणि तीही युद्धाच्या वीस वर्षे आधी. गुलामांनी पिकवलेल्या कापसापेक्षा स्वस्त कापूस बाजारात आणला की गुलामगिरी आपोआप मोडेल, असा त्या काळातल्या पुष्कळ सज्जनांचा विश्वास होता. तो विश्वास जिथे कसाला लागला त्या जागांपैकी एक आपली आहे. तिथे तो टिकला नाही आणि का टिकला नाही, हे समजून घेतल्याशिवाय अमेरिकेचे यादवी युद्धही नीट कळत नाही.

मुळात गुलामगिरी पश्चिमेकडे सरकली ती कापसाच्या मागोमाग. 1793 मध्ये एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. पण कापसाचे पीक वर्षानुवर्षे घेतले की जमिनीचा कस उतरतो, म्हणून मळेवाल्यांना सतत नवी जमीन हवी होती. 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला गेला. 1830 च्या कायद्याने चेरोकी, चोक्टॉ, क्रीक अशा मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले आणि त्यांच्या जमिनींवर कापूस उभा राहिला. तो वेचायला व्हर्जिनिया-मेरीलँडकडून सुमारे दहा लाख काळी माणसे अलाबामा, मिसिसिपी, टेक्सासकडे नेली किंवा विकली गेली. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, लेकरे तिसऱ्याच मालकाकडे अशी घरेच्या घरे फुटली. 1790 मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले. साहजिकच नवा मुलूख जोडला की पहिला प्रश्न उठे, इथे गुलाम ठेवता येतील की नाही? 1820 मध्ये मिसुरी तडजोडीने साडेछत्तीस अंश अक्षांशाची रेषा आखली. मेक्सिकोशी युद्ध होऊन 1848 मध्ये पॅसिफिक महासागरापर्यंतचा प्रदेश हाती आला तेव्हा ती रेषा अपुरी पडली. 1854 मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती पुसली, निर्णय तिथल्या वसाहतवाल्यांच्या मतावर सोपवला आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी करण्याचा काँग्रेसचा अधिकारच नाकारला. नकाशावरची रेषा माणसाच्या आयुष्यात किती खोल शिरते, हे सीमाभागाला सांगायला नको. अमेरिकेत मात्र रेषेच्या कोणत्या बाजूला माणूस विकता येतो, हे ठरत होते.

यावर एक जुना आक्षेप आहे. तो असा, की युद्ध गुलामगिरीवरून झालेच नाही, राज्यांच्या हक्कांवरून झाले. पण संघराज्यातून फुटून निघताना मिसिसिपी, टेक्सास, साउथ कॅरोलायना यांनी आपापली कारणे स्वतःच जाहीर केली आणि त्यांत गुलामगिरीचे रक्षण अग्रभागी आहे. शिवाय 1850 च्या कायद्याने पळालेला गुलाम पकडून द्यायला उत्तरेतल्या नागरिकांनीही मदत करावी अशी सक्ती झाली, ती याच मळेवाल्यांच्या मागणीवरून. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे हक्क त्यांना आठवले नाहीत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून, म्हणजे गुलामांच्या हातून येई. 1839 मध्ये इंग्लंडात ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली. जॉर्ज थॉम्पसनसारखे गुलामगिरीविरोधी वक्ते सांगत फिरले, की हिंदुस्थानातल्या मोकळ्या शेतकऱ्याचा कापूस घ्या, मळेवाल्यांचे दिवाळे निघेल. कंपनी सरकारला वेगळ्या कारणाने तेच हवे होते. कापसासाठी एकाच देशावर अवलंबून राहणे इंग्लंडला धोक्याचे वाटे. 1840 मध्ये कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा मळेवाले हिंदुस्थानात आणले. गुलामांकडून शेती करून घेण्यात मुरलेली ही माणसे आता मोकळ्या रयतेला कापूस शिकवणार होती! त्यांतला मर्सर हुबळीजवळ कुसुगल इथे प्रयोगाची शेती पाहू लागला, आणि धारवाडचे कलेक्टर शॉ यांनी न्यू ऑर्लिन्सचे बी रयतेत वाटले. बी रुजले, पण सरकी निघेना. इकडची बाई तिवईवर बसून, पायांना लाकडी तळ बांधून, दगडावर ठेवलेली लोखंडी कांब पायांनी फिरवत गावठी कापसाची सरकी काढी. अमेरिकन सरकीला रुई इतकी घट्ट चिकटलेली असे, की ही रीत तिथे चालेना. मग दातेरी चकत्यांची यंत्रे आणली. हळूहळू ‘धारवाड-अमेरिकन’ नावाने हा कापूस लाखाहून अधिक एकरांवर पसरला आणि बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठा बंदराकडे जाऊ लागला.

एवढे होऊनही गुलामांच्या कापसाचे काय झाले? 1840 ते 1860 या वीस वर्षांत अमेरिकेचे कापसाचे उत्पादन दुपटीहून अधिक वाढले. आपला कापूस भेसळीने बदनाम झाला होता, घाटवाटांवर त्याचा वाहतूक खर्च वाढे, आणि रयतेच्या डोक्यावर सरकारसारा व सावकाराचे व्याज होते. समोर फुकटात बळकावलेली जमीन आणि चाबकाखालची मजुरी होती. रस्ते आणि रेल्वे वेळेवर आली असती तर चित्र पालटले असते, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर युद्धकाळाने दिले आहे. 1861 नंतर दक्षिणेच्या बंदरांना वेढा पडला, अमेरिकन कापूस थांबला आणि इकडचा भाव तिपटी-चौपटीने चढला. हिंदी कापसाला इतकी मागणी आली ती गिरणीवाल्यांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे, नाइलाजाने आली. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि लँकेशायर पुन्हा अमेरिकेकडे वळले. बाजाराने गुलामगिरी पोसली होती, ती मोडायला सहा लाखांहून अधिक सैनिकांचे बळी आणि डिसेंबर 1865 मध्ये मंजूर झालेली तेरावी घटनादुरुस्ती लागली. इकडे तेजीत कापसाखाली जमीन वाढवलेल्या रयतेच्या वाट्याला कर्ज उरले. 1876-78 च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. तरीही आपल्या रयतेला गुलाम म्हणणे बरोबर होणार नाही. तिचे लेकरू बाजारात विकले जात नव्हते, आणि हा फरक पुसणे म्हणजे त्या चाळीस लाख गुलामांवर अन्याय करणे.

मग 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव देऊन ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, ते अतिशयोक्तीचे होते का? मला तसे वाटत नाही. फुल्यांनी अमेरिकेकडून घेतले ते केवळ साम्य नव्हे, उदाहरणही घेतले. गुलामीचा लाभ न घेणारे आणि तिचे बळीही नसलेले लोकसुद्धा तिच्याविरुद्ध उभे राहू शकतात, हे त्यांना इथल्या वरच्या वर्गापुढे ठेवायचे होते. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी फरक आणखी नेमका मांडला. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो. अस्पृश्याला राबवून घेणारे गाव त्याच्या पोटाची जबाबदारी घेत नाही. त्यांची चळवळ आपल्या मुलखातही पोहोचली होती; एप्रिल 1925 मध्ये निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. अवघ्या गावाची वेठ करायला लावणाऱ्या महार वतनावर बाजारभावाचा काही परिणाम होणार नव्हता. म्हणून त्यांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक आणले. ते पुढे जाऊ शकले नाही. बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेल्यावर गावकामगारांची वंशपरंपरागत पदे रद्द करणारा कायदा तिथे 1961 मध्ये झाला आणि दोन वर्षांनी अमलात आला.