गावाची पांढरी – लेखांक ६ : किल्लारी, काळीवर वसलेलं गाव

आपल्याकडच्या जुन्या माणसाला जमिनीच्या दोनच जाती ठाऊक होत्या. गावकुसाबाहेरची काळी आणि गावकुसाच्या आतली पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत माणूस राहतो. पांढरीची माती मुळातच पांढुरकी असते असं नाही. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींचा गिलावा आणि माणसाच्या वावराचा सगळा चुरा पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेला की जमिनीचा रंग पालटतो. म्हणून पांढरी कुणाला एका दिवसात तयार करता येत नाही.

मागच्या आठवड्यात आपण खरोशाच्या लेण्यांत होतो. त्याच औसा तालुक्यात आज खाली उतरायचं आहे. लातूरहून उमरग्याच्या रस्त्याला लागलं, औसा आणि लामजना मागे टाकलं की किल्लारी येतं. नाव सगळ्या जगाला माहीत झालं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेमुळे. पण गाव त्या पहाटेच्या फार आधीपासून होतं आणि त्या पहाटेनंतरही आहे, म्हणून आधी ते गाव पाहू.

तेरणेच्या खोऱ्यातलं, हैदराबाद संस्थानातलं हे गाव. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यानं या पट्ट्यातल्या बोलीत कानडी हेल आहे. लिंगायत, मराठा, मुसलमान, दलित, वडार, बारा बलुतेदार अशी वस्ती आणि प्रत्येकाची गल्ली ठरलेली. ती मांडणी जातीची होती, हे लपवायचं कारण नाही. ज्यांना गावकुसाबाहेर राहावं लागलं त्यांच्यासाठी पांढरी हा शब्दच अर्धा होता. तरीही वेशीतला मारुती, पारावरच्या बैठका, मोहरमच्या सवाऱ्या आणि पोळ्याला वेशीतून निघणारे बैल या गोष्टींवर गावाचं एकत्र असणं टिकलेलं होतं.

घरं बहुतेक माळवदाची. हा शब्द आता शहरातल्या मुलांना सांगावा लागतो. लाकडी खांब आणि तुळया उभ्या करायच्या, दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. कुणाचं घर केवढं, ते खणांच्या हिशेबात. वर लाकडी पाटण आणि त्यावर मातीचा जाड थर. तो पांढरीच्या चिवट मातीचा, कारण ती पाणी धरून ठेवते, खाली उतरू देत नाही. दर पावसाळ्याआधी गळकं वाटलं की आणखी चार टोपल्या टाकायच्या. भिंती दगडाच्या, दोन-तीन फूट रुंद, काही वाड्यांच्या त्याहूनही जाड. दारातून आत शिरलं की ढाळज, तिथं पाहुणा आणि गडीमाणूस टेकायचा. मग चौक, सोपा, धान्याचं बळद, भिंतीतल्या देवळ्या, मागे परस आणि गोठा. वैशाखाच्या उन्हात अशा घरात शिरलं की अंगाला गारवा लागायचा. त्या भिंती माणसाला सुरक्षित वाटत होत्या. जाड भिंत म्हणजे पक्कं घर, हा हिशेब शेकडो वर्षं खरा ठरला होता.

१९९२ च्या पावसाळ्यापासून जमीन हलकेच हादरू लागली. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातला मोठा. लोक घाबरले, बाहेर झोपले. मग धक्के विरळ होत गेले आणि माणसं पुन्हा घरात गेली. दख्खनचं पठार हा जुना, कणखर, स्थिर भूभाग, इथं मोठा भूकंप संभवत नाही, अशी त्या वेळी शास्त्राचीही समजूत होती. नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

२९ सप्टेंबरच्या रात्री गणपती बोळवून दमलेली माणसं उशिरा झोपली. पहाटे तीन छप्पन्नला धक्का बसला. आम्ही लातुरात, चाळीसेक किलोमीटरवर, भांड्यांच्या आवाजानं जागे होऊन अंगणात उभे राहिलो आणि उजाडेपर्यंत आत गेलो नाही. दक्षिणेकडे काय झालं आहे ते कळायला सकाळ व्हावी लागली. धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ मोजली गेली. जगाच्या मानानं हा मध्यम भूकंप. सरकारी नोंदीत सुमारे आठ हजार माणसं गेली. लोकांच्या तोंडी आकडा दहा हजारांचा आहे. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, होळी, राजेगाव अशी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं भुईसपाट झाली. पुढच्या दिवसांत पाऊस लागला. सरणाला लाकूड पुरेना, तेव्हा एकेका चितेवर अनेकांना ठेवावं लागलं. याहून जास्त मी लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिलं ते अजून आपल्यात आहेत.

मध्यम भूकंपानं इतकी माणसं का गेली, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर आपल्याकडे घट्ट बसलं आहे. धक्क्याचा उगम जमिनीखाली फार खोल नव्हता, आणि घरं अशी होती की ती बाहेर पळायला वेळ देणार नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे नऊ टनांचं ओझं. भिंत जाड दिसे, पण ती एकसंध नसायची. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे मुरूम, कपऱ्या आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुधा घातलेला नसे. जमीन हलताच दोन थर दोन बाजूंना फाकले. कितीतरी घरांत लाकडी सांगाडा वर माळवद घेऊन तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. म्हणजे सुतारानं दिलेली जोडणी टिकली, आणि गवंड्यानं चारच आरपार दगड घातले असते तर भिंतीही पुष्कळ टिकल्या असत्या. पण ढिगाऱ्याखालून माणसं काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो दगड. त्या दिवसापासून आमच्याकडे दगड बदनाम झाला. दगडाच्या घरात झोपवत नाही, असं म्हणणारी माणसं आजही भेटतात. घडीव दगडाचं काम जाणणारे हात त्या भीतीनं रिकामे झाले, याचं मला फार वाईट वाटतं.

जमिनीखाली काय झालं याचा शोध हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं घेतला. किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं तेव्हा वरचा काळा पाषाण ३३८ मीटरलाच संपला आणि त्याखाली फार प्राचीन खडक लागला. थर एकमेकांवरून सरकल्याची खूणही सापडली. स्थिर मानलेल्या पठाराच्या पोटात जुनी भेग होती. पुढे देशाचा भूकंपाचा नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

मग प्रश्न आला, गाव कुठं वसवायचं? जुन्या जागी नको, हे बहुतेकांनी त्या धास्तीतच ठरवलं. ५२ गावांसाठी शेतजमिनी संपादित झाल्या. माणसं पांढरी सोडून काळीवर आली. काही गावं सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून बांधली, काही देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. बाणेगाव मल्याळम दैनिक ‘मनोरमा’नं बांधलं आणि त्याची आखणी वास्तुकार लॉरी बेकर यांची होती. घराचं माप जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. धोरण म्हणून यात एक मोठी गोष्ट होती. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्यालाही पक्कं घर मिळालं. मी ती कमी लेखणार नाही.

पण नकाशावरची रेघ सरळ होती आणि गाव कधी सरळ नसतं. बुद्धिबळाच्या पटासारखे चौक, रुंद रस्ते, मधोमध शाळा-दवाखाना. जुन्या गल्लीत हाक मारली की चार घरं ओ द्यायची. नव्या गावात तीच हाक रस्त्यावर विरून जायची. भाऊ एका टोकाला, चुलता दुसऱ्या. ढाळज नाही, परस नाही, गोठा नाही, बळद नाही. ज्वारीची पोती कुठं ठेवायची आणि बैल कुठं बांधायचे, हे आखणाऱ्यानं शेतकऱ्याच्या बाईला विचारलं असतं तर तिनं घटकाभरात सांगितलं असतं.

जिथं विचारलं गेलं तिथं काम वेगळं झालं, हे सांगितल्याशिवाय हा लेखांक पुरा होणार नाही. जी गावं हलवली नाहीत, जिथं घरांना तडे गेले होते, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आली. सुमारे दोन लाख घरं. पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या बँक खात्यात, आणि काम मालकानं स्वतः करून घ्यायचं. लोकांना योजना समजावायला गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या; प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यांना उभं केलं. आरपार दगड कुठं घालायचा, माळवदाची माती किती उतरवायची, हे त्यांनी इंजिनिअरकडून शिकून दारोदार सांगितलं. मराठवाड्यातली सून, डोक्यावरचा पदर सावरत, गवंड्याला भिंत पुन्हा बांधायला लावते, हे चित्र १९९० च्या दशकातलं आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर आमच्याकडच्या बाया गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगून आल्या. मालकानंच घर बांधायचं ही रीत तिथं फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

सिसिलीतल्या जिबेलिना गावाची गोष्ट मला किल्लारीत दर वेळी आठवते. जानेवारी १९६८ च्या भूकंपात ते पडलं. नवं गाव बरंच दूर, कलावंत आणि वास्तुकारांच्या कल्पनेतून उभारलं गेलं, आणि जुन्या गावाचे अवशेष चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांनी पांढऱ्या सिमेंटच्या थराखाली झाकले. गल्ल्या होत्या तिथं आता त्या सिमेंटात खोल वाटा आहेत. माणसं तिथून मूकपणे चालतात. त्यांनी आपली पांढरी अशी जपली.

आमच्या माणसांनी ती दुसऱ्या वाटेनं जपली. ढिगाऱ्यातून निघालेल्या तुळया, कोरीव चौकटी आणि उंबरे नव्या गावात आले. सरकारी घरापुढे पत्र्याची पडवी निघाली, पडवीपुढे ओटा झाला, ओट्यावर शेजार बसू लागला. मागे कुडाचा गोठा झाला आणि चूल बाहेर आली. चौकोनी रस्त्यात कुठं मारुती आला, कुठं लिंबाभोवती पार बांधला गेला. रुंद रस्ता आक्रसत गल्लीसारखा झाला. याला कुणी अतिक्रमण म्हणेल. मला त्यात गाव पुन्हा गाव होताना दिसतं.

सगळं परत आलं नाही. भूकंपात आई-बाप गमावलेली आणि घर उद्ध्वस्त झालेली बाराशे मुलं शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती शिकली, मोठी झाली. दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, फुलं वाहतात.

मात्र एक सण असा आहे की त्याला जागा बदलल्याचं काहीच वाटलं नाही. येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात आणि शिवार भरून जातं. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव म्हणून मांडलेले चुन्यानं रंगवलेले दगड, भज्जी, उंडे, गाडग्यातली आंबील, आणि ज्याचं शेत नाही त्यालाही हाक मारून पंगतीला बसवणं. हा काळीचा सण आहे, त्याला वेस लागत नाही. भूकंपानं पांढरी नेली, काळी जागच्या जागी राहिली. मला वाटतं, गाव सावरलं ते तिच्या आधारानं.

जुन्या गावठाणात आता बाभळी आणि लिंब माजले आहेत. दगडांचे ढीग गवतात बुडाले आहेत. येळवशीच्या सकाळी डोक्यावर टोपल्या आणि हातात आंबिलीची गाडगी घेऊन बाया त्याच बाजूनं शेताकडे निघतात. म्हाताऱ्या तिथं क्षणभर पाय थांबवतात, चपला काढतात, कुठल्यातरी एका ढिगाकडे बघून हात जोडतात आणि पुढे चालू लागतात.

(पुढील लेखांक : माळेगावची जत्रा)