शीत आणि भात

शितावरून भाताची परीक्षा करतात. या म्हणीत एक अट न बोलता धरलेली आहे: शीत त्याच पातेल्यातलं हवं. व्हिडिओ गेमचे डेमो आणि नंतर हाती येणारे पूर्ण गेम यांचा गेल्या तीस वर्षांचा प्रवास पाहताना मला ही अटच सगळ्यात मोलाची वाटते.

सुरुवात 'डूम'पासून करू. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी हा गेम शेअरवेअर म्हणून सोडला. तीन भागांपैकी नऊ लेव्हलचा पहिला भाग फुकट. कॉपी करा, मित्राला द्या. पुढचे दोन भाग हवे असतील तर पैसे पाठवून मागवा. प्लाझ्मा गन आणि बीएफजी ही दोन हत्यारं विकत घेणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. बाकी चाल, वेग, भीती सगळं मूळ गेमचंच. या भागाचा शेवट आजही अंगावर येतो. दोन राक्षस मारले की भोवतीच्या भिंती खाली जातात. समोरच्या चबुतऱ्यावर पाय ठेवला की आपण एका काळोख्या खोलीत जाऊन पडतो आणि चहूबाजूंनी हल्ला होतो. तिथे जगण्याची सोयच नाही. पडदा काळा होतो आणि कथा पुढच्या भागात जाते. खेळणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, तरी भूक राहिलेली असते. असा डेमो म्हणजे त्याच पातेल्यातलं शीत.

आमच्या पिढीला डेमो भेटले ते संगणक-मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीवर. पूर्ण गेम परवडत नसे, म्हणून एकच लेव्हल वीस-वीस वेळा खेळायची. तशाच एका सीडीवर मला 'हाफ-लाइफ : अपलिंक' मिळाला. मूळ गेम नोव्हेंबर १९९८मध्ये आला होता आणि हा डेमो फेब्रुवारी १९९९मध्ये. सॅटेलाइटला संदेश पोचवण्याची ती कामगिरी मला तोंडपाठ होती. पुढे पूर्ण गेम हाती आला तेव्हा ती जागा मी बरेच दिवस शोधत राहिलो. ती तिथे नव्हतीच. मूळ गेममधून वगळलेल्या सामग्रीतून हा डेमो स्वतंत्र रचलेला होता. तरीही फसवल्यासारखं वाटलं नाही. भात वेगळा शिजवला होता, पण तांदूळ तोच होता.

तिसरा प्रकार आपण फक्त पाहायचा असतो. गेम घडत असताना त्याचे तुकडे विखुरलेले असतात: चित्रं एकीकडे, आवाज दुसरीकडे, शत्रूंची अक्कल अर्धवट. मग प्रदर्शनासाठी त्यातली दहा मिनिटं पूर्ण सजवतात. या धंद्यात त्याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. केकचा असा उभा काप, की ज्यात प्रत्येक थर यावा. त्या दहा मिनिटांत यंत्राची सगळी ताकद एका रस्त्यावर लावता येते. पूर्ण गेममध्ये मात्र अख्खं शहर चालवायचं असतं, तेही घरोघरच्या साध्या यंत्रांवर. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाश, सावल्या, गर्दी, वाहनं सगळं बसवायचं. नाही बसलं की आधी कात्री लागते ती सावल्यांना, धुराला, प्रतिबिंबांना.

'वॉच डॉग्ज'चं असंच झालं. २०१२च्या ई-थ्री प्रदर्शनात रात्रीचं शिकागो आणि वाऱ्यात फडफडणारा नायकाचा कोट पाहून लोक थक्क झाले. मे २०१४मध्ये आलेला गेम त्यापुढे फिका वाटला. महिन्याभरातच हौशी मंडळींना पीसीच्या फायलींत त्या जुन्या झळाळीच्या काही सेटिंग्ज बंद करून ठेवलेल्या सापडल्या. 'सायबरपंक २०७७'चा ४८ मिनिटांचा डेमो ऑगस्ट २०१८मध्ये आला. हे काम अजून चालू आहे, अशी सूचना त्यावर होती. हातातली पाती भिंतीत रुतवून चढण्याची त्यातली करामत पूर्ण गेममध्ये आलीच नाही. १० डिसेंबर २०२०ला गेम आला, जुन्या कन्सोलवर कोलमडला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. २०२३च्या २.० अपडेटपर्यंत तो खूप सुधारला. पण सूचना लिहिली म्हणून जबाबदारी संपत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही.

आणि एक शीत असं, ज्याचा भात कधी शिजलाच नाही. ऑगस्ट २०१४मध्ये प्लेस्टेशन ४वर 'पी.टी.' फुकट आला. घरातला एकच काटकोनी बोळ, पुन्हा पुन्हा. दर फेरीला थोडा बदललेला. शेवटपर्यंत पोचणाऱ्याला कळायचं, की ही गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स' या येणाऱ्या गेमची नांदी आहे. एप्रिल २०१५मध्ये कोनामी या प्रकाशक कंपनीने तो गेम रद्द केला आणि डेमोही काढून घेतला. ज्यांनी डिलीट केला, त्यांना तो परत मिळाला नाही.

आज स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या 'नेक्स्ट फेस्ट'मध्ये शेकडो छोटे स्टुडिओ आपले डेमो खेळायला देतात. काहींत केलेली प्रगती पूर्ण गेममध्ये तशीच पुढे नेता येते. मला हा मोठा दिलासा वाटतो, कारण खेळून पाहिलेल्या डेमोत लपवायला जागा कमी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे निधी मागितला, तेव्हा डेमोही लोकांच्या हाती दिला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी ऑगस्ट २०२०मध्ये निन्टेन्डो स्विचवर 'राजी' आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. त्या माणसांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं नाही. डेमो देणाऱ्याकडून आपण एवढंच मागावं.