तोंडी परीक्षेचे वीस गुण

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलूप लागलं आणि मराठीचा तास मोबाइलवर आला. गणिताच्या शिक्षकाला निदान उदाहरण सोडवून दाखवता येत होतं. भाषेच्या शिक्षकापुढचा पेच वेगळा होता. माइक बंद, कॅमेरा बंद. मूल वाचताना अडखळतंय कुठे, हे कळायचं कसं? त्यात घरात एकच फोन, तोही बाबा कामावरून परतल्यावर हाती येणारा.

निबंध तपासणं तर डोळ्यांची परीक्षाच. वहीच्या पानाचा फोटो यायचा, अर्ध्या पानावर हाताची सावली. वेलांटी पहिली की दुसरी, हे चित्र ताणून मोठं करून पाहायचं. वाक्याशेजारी समासात लिहायची लाल सूचना जाऊन तिथे अंगठ्याचं चिन्ह आलं.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर झाल्या. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग अवघड होता, हे मान्य. पण कवितेचा रसास्वाद चार पर्यायांत मावत नाही, ही भाषाशिक्षकांची तक्रार रास्तच होती. पुढच्या वर्षी राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंना २० गुण धरून निकाल लागला ९९.९५ टक्के.

याच काळात एक चांगली गोष्ट मात्र हाती लागली: मुलांचं ध्वनिमुद्रण. वर्गात तोंड न उघडणारं मूल घरी उतारा पुन्हापुन्हा वाचतं, त्यातलं बरं वाचन पाठवतं. हा सरावच की! शिक्षकाला ‘पाणी’चं ‘पानी’ कुठे झालं ते दोनदा ऐकता येतं, जूनचा आवाज डिसेंबरच्या शेजारी ठेवता येतो. मागून आई हळूच शब्द पुरवते, हेही ऐकू येतं. म्हणून सगळे गुण त्यावर देता येणार नाहीत.

तोंडी परीक्षेच्या गुणांचा वाद जुनाच आहे. शाळा ते सढळ हाताने देतात, या आक्षेपामुळे २०१९ मध्ये दहावीच्या भाषा विषयांतून ते काढले गेले. निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. आक्षेप मात्र तसाच राहिला. वर्षभरातली चार-पाच मुद्रणं शाळेने जपून ठेवली, तर दिलेल्या गुणांमागे ऐकता येईल असा पुरावा राहील. त्यासाठी नवं ॲप नको. शिक्षकाला ऐकायला वेळ आणि पटावर आवाक्यातली मुलं हवीत.