किडनीची सूज : घाईकडून धीराकडे

पोटातल्या बाळाच्या किडनीचे दोष सोनोग्राफीत दिसू लागले ते 1970 नंतर. त्यासोबत भीतीही आली. किडनीत लघवी साठून ती सुजते म्हणजे पुढे अडथळा असणार आणि तो जन्मल्याबरोबर शस्त्रक्रियेने काढावा, असे 1980 च्या दशकात अनेक सर्जनांना वाटे. 1990 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपला अनुभव छापला. चांगले काम करणाऱ्या किडन्यांवर त्यांनी नुसते लक्ष ठेवले होते आणि त्यातल्या बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती.

सूज म्हणजे अडथळा नव्हे, हे बुऱ्हाणपूरकराला सांगायला कुंडी भंडारा पुरे. 1615 च्या सुमारास खोदलेल्या त्या भुयारी जलमार्गात एखादी कुंडी ऐसपैस दिसली म्हणून पुढची वाट बुजली असे होत नाही. पाणी वाहते आहे ना, ते पाहायचे.

2006 च्या एका मोठ्या आढाव्यात हलकी सूज असलेल्या बाळांपैकी सुमारे 12 टक्क्यांतच जन्मानंतर खरा दोष निघाला. ‘हलकी’ची मापे 2014 मध्ये ठरली : किडनीतल्या लघवीच्या पोकळीची रुंदी गरोदरपणाच्या 27 आठवड्यांपर्यंत 4 ते 7 मिलिमीटरच्या आत, त्यानंतर 7 ते 10 च्या आत.

भारतातल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी 2001 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2013 मध्ये सुधारल्या. पहिली सोनोग्राफी जन्मानंतर तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पहिले दोन दिवस बाळाला लघवीच कमी होते, त्यामुळे असलेली सूजही लपते. दुसरी चार ते सहा आठवड्यांनी, पहिली चांगली आली तरीही. हलक्या सुजेला नळी घालून एक्स-रे नको, रोजचे अँटिबायोटिकही नको.

आपल्याकडे गाडे अडते ते या दुसऱ्या तपासणीपाशी. बाळंतपण माहेरी, रावेर-जळगावकडे. सव्वा महिना झाला की लेक बुऱ्हाणपूरला सासरी. नेमकी तेव्हाच तपासणीची वेळ, आणि फाइल माहेरच्या कपाटात! मला वाटते, डिस्चार्जच्या कागदावरच ती तारीख आणि सुजेचे मिलिमीटर ठळक लिहावेत. एका गावी मोजलेली सूज दुसऱ्या गावच्या डॉक्टरला ताडून पाहता आली पाहिजे.

धीर धरायचा तो हलक्या सुजेपुरताच. मुलगा असेल आणि दोन्ही किडन्या सुजलेल्या असतील, मूत्राशय जाड असेल किंवा धार थेंबथेंब पडत असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच तपासणी हवी. तान्ह्याला विनाकारण ताप आला तर लघवी त्याच दिवशी तपासावी.